चुंबक, मेंदू आणि कसोटी

लोहचुंबकाच्या अंगीं रोग हरण करण्याची शक्ति आहे, ही समजूत फार जुनी आहे. लोखंड ज्याच्याकडे आपोआप ओढलें जातें, तो दगड माणसाच्या शरीरांतील पीडाहि ओढून काढील, असें पूर्वीच्या लोकांना वाटलें तर त्यांत नवल नाहीं. नवल आहे तें याचें कीं, गेल्या अडीचशें वर्षांत ही समजूत वारंवार खोटी ठरली, वारंवार नव्या वेषांत परत आली, आणि शेवटीं तिच्याच शेजारीं, अगदीं निराळ्या पायावर, एक खरें शास्त्र उभें राहिलें. आज डोक्यावर तांब्याच्या तारेचें वेटोळें धरून त्यांतून विजेचा क्षणिक प्रवाह सोडतां येतो, आणि त्या योगानें कवटी न उघडतां मेंदूचा ठराविक भाग चेतवितां येतो. परंतु मेंदू चेतविणें ही एक गोष्ट आणि त्यामुळें रोगी बरा होणें ही दुसरी. या दोन गोष्टींमधील अंतर मोजण्याचा इतिहास हाच या विषयाचा खरा इतिहास होय.

हा विषय केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा राहिलेला नाहीं. पुणें जिल्ह्यांतील शिरूर आणि दौंड हीं दोन तालुक्याचीं गांवें घ्यावीं. शिरूर घोड नदीच्या कांठीं, पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेलें. दौंड भीमेच्या कांठीं, १८७८ सालीं मनमाडकडे जाणारा लोहमार्ग झाल्यापासून जंक्शन म्हणून प्रसिद्धीस आलेलें. अशा गांवांतील एखाद्या कुटुंबांत कोणी माणूस दीर्घकाल खिन्नतेच्या रोगानें ग्रासलेला असतो. औषधें होतात, पण गुण येत नाहीं. मग कोणी सांगतें कीं, पुण्यास चुंबकाच्या यंत्रानें मेंदूवर उपचार करतात. हा उपचार एका दिवसाचा नव्हे. आठवड्यांतून पांच दिवस, याप्रमाणें चार ते सहा आठवडे रोज जावें लागतें. पुणें दोन्ही गांवांपासून ६५ ते ८० किलोमीटर. शिरूरला रेल्वे नाहीं, तेव्हां एस. टी. ची वाट पाहावयाची. दौंडकराला गाडी आहे, पण रोगी एकटा जाऊं शकत नाहीं, म्हणून घरांतील आणखी एक माणूस बरोबर हवा. म्हणजे दोघांचे महिना-दीड महिन्याचे दिवस गेले. त्याच घरांत दुसरीकडून एक जाहिरात येते. तींत चुंबकाची टोपी किंवा पट्टा घरबसल्या थोडक्या पैशांत तेंच काम करील असें छापलेलें असतें. दोघेहि "चुंबक" म्हणतात, दोघेहि "मेंदू" म्हणतात. खरें कोणतें आणि किती खरें, हें त्या कुटुंबानें कसें ओळखावें?

या प्रश्नाचें पहिलें व्यवस्थित उत्तर पॅरिस येथें १७८४ सालीं मिळालें. त्याच्या दहा वर्षें आधीं, १७७४ मध्यें, व्हिएन्ना येथील डॉक्टर फ्रांत्स आंतोन मेस्मेर यानें एका रोगी स्त्रीवर पोलादी चुंबक ठेवून उपचार केले. ते चुंबक माक्सिमिलियन हेल नांवाच्या जेझुइट ज्योतिर्विदानें करून दिले होते. स्त्रीला आराम वाटला. पुढें मेस्मेरच्या ध्यानांत आलें कीं, चुंबक नसला आणि नुसता हात फिरविला तरीहि तोच परिणाम होतो. येथें सामान्य बुद्धीचा मनुष्य म्हणाला असता कीं, मग चुंबकाचें कांहीं काम नाहीं. मेस्मेरनें उलट अनुमान काढलें: चुंबकत्व आपल्याच शरीरांत आहे! या "प्राणिज चुंबकत्वा"च्या बळावर तो १७७८ सालीं पॅरिसला आला आणि तेथें त्याची कीर्ति एवढी पसरली कीं, मोठमोठ्या घराण्यांतील माणसें त्याच्या मंतरलेल्या पिंपाभोंवतीं बसून झटके घेऊं लागलीं. आपल्याकडे याच विद्येला पुढें "प्राणविनिमय" असें भारदस्त नांव मिळालें.

फ्रान्सचा राजा सोळावा लुई यानें चौकशीसाठीं समिति नेमली. तींत विजेच्या शोधांनीं जगप्रसिद्ध झालेला बेंजामिन फ्रँकलिन होता, आधुनिक रसायनशास्त्राचा जनक लाव्हाज्ये होता, ज्योतिर्विद बेयी आणि डॉक्टर गिलोतँ हेहि होते. या मंडळींनीं "मेस्मेर खरा कीं खोटा" असा वाद घातला नाहीं. त्यांनीं रोग्याचे डोळे बांधले. फ्रँकलिनच्या पासी येथील बागेंत मेस्मेरचा शिष्य देलों यानें एक जर्दाळूचें झाड "चुंबकित" केलें आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडापाशीं नेण्यांत आलें. मुलगा मूर्च्छित पडला. पण भलत्याच झाडाखालीं! दुसऱ्या प्रयोगांत साध्या पेल्यानें झटके आले आणि चुंबकित पेल्यानें कांहींच झालें नाहीं. समितीचा निष्कर्ष असा कीं, चुंबकत्वाशिवाय नुसत्या कल्पनेनें परिणाम होतात, पण कल्पनेशिवाय नुसत्या चुंबकत्वानें कांहींहि होत नाहीं. हा निष्कर्ष महत्त्वाचा खराच. परंतु डोळे बांधण्याची ती रीत त्याहूनहि महत्त्वाची ठरली.

पंधरा वर्षांनीं इंग्लंडांत बाथ येथें जॉन हेगार्थ या डॉक्टरानें या रीतींत एक मोलाची भर घातली. त्या सुमारास अमेरिकेंतील एलिशा पर्किन्स यानें १७९६ सालीं पेटंट घेतलेल्या धातूच्या दोन कांड्यांचा बोलबाला होता. त्या दुखऱ्या भागावरून ओढल्या कीं वेदना जातात, असा दावा असे. हेगार्थनें १७९९ मध्यें त्याच आकाराच्या लांकडी कांड्या करविल्या, त्यांना धातूसारखा रंग दिला, आणि पांच रोग्यांवर त्या ओढल्या. चौघांना आराम पडला. दुसऱ्या दिवशीं खऱ्या धातूच्या कांड्या वापरल्या. गुण जवळजवळ तेवढाच. खऱ्या वस्तूची परीक्षा करावयाची तर तिच्यासारखी दिसणारी लटकी वस्तु आधीं तयार करावी लागते, हें वैद्यकांतील मोठें तत्त्व या लांकडाच्या दोन काटक्यांनीं शिकविलें. पुढील सर्व कथेंत या तत्त्वाची गांठ पडणार आहे.

लांकडी कांड्यांनीं ज्या चौघांना आराम पडला ते लबाड होते काय? मुळींच नाहीं. श्रद्धेनें माणसाला खरोखर बरें वाटतें, आणि याचा दाखला शोधण्यास शिरूर सोडून दूर जावयास नको. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शिरूर ही कंपनी सरकारच्या फौजेची मोठी छावणी होती. तेथें कर्नल विल्यम वॉलेस नांवाचा अधिकारी १८०९ सालीं मरण पावला. त्याच्या थडग्यास आसपासचे लोक "सत्पुरुषा"चें स्थान मानूं लागले. सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य तेथें येऊं लागला, नवस बोलले जाऊं लागले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८५ सालच्या पुणें खंडांत याची नोंद आहे. परदेशी, परधर्मी लष्करी माणसाच्या समाधीपाशीं ज्यांना दिलासा मिळाला, तो दिलासा त्यांच्या दृष्टीनें खरा होता. समाधि कोणाला गुणाची हमी देत नाहीं, म्हणून तिची कसोटी घेण्याचें कारण पडत नाहीं. यंत्र मात्र हमी देतें. "माझ्या अमुक भागांतून निघालेली अमुक शक्ति तुझ्या मेंदूंत अमुक करील," असें जें म्हणतें, त्याला कसोटीला उभें राहणें प्राप्तच आहे.

कंपनी सरकारच्याच दुसऱ्या एका नोकरानें हा प्रश्न हिंदुस्थानांत प्रत्यक्ष उभा केला. बंगालमध्यें हुगळी येथें जेम्स एस्डेल हा स्कॉटिश शस्त्रवैद्य होता. त्यानें मेस्मेरची विद्या कोणाकडून शिकली नव्हती, केवळ वाचली होती. १८४५ च्या एप्रिलमध्यें एका कैद्यावर शस्त्रक्रिया करतांना वेदना असह्य झाल्या, तेव्हां त्यानें हात फिरविण्याचा तो प्रयोग करून पाहिला आणि कैदी बधिर झाला. पुढें त्यानें याच रीतीनें अनेक मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. सरकारनें समिति नेमून पाहणी केली आणि १८४६ च्या अखेरीस कलकत्त्यांत त्याला एक लहान इस्पितळ चालविण्यास दिलें. १८४७ मध्यें क्लोरोफॉर्म आलें आणि ही पद्धति मागें पडली. १८५१ सालीं एस्डेल मायदेशीं परत गेला.

एस्डेलचीं माणसें खरोखर बधिर होत होतीं, हें नाकारतां येत नाहीं. चुकलें तें कारण. याच सुमारास मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड यानें दाखवून दिलें होतें कीं, हा सर्व प्रकार एकाग्रतेचा व सूचनेचा आहे, त्यांत कोणताहि चुंबकीय द्रव वाहत नाहीं. त्यानें त्याला "हिप्नॉटिझम" हें नांव दिलें. परिणाम खरा आणि कारण खोटें, अशी ही जोडी आहे. ज्यांना "गुण आला कीं नाहीं" एवढाच प्रश्न विचारण्याची संवय असते, त्यांना ती नेहमीं चकविते. "गुण कशानें आला" हा दुसरा प्रश्न विचारल्याखेरीज पहिल्याच्या उत्तरास पूर्णत्व येत नाहीं.

ही झाली कल्पनेच्या चुंबकाची हकीकत. खऱ्या चुंबकाची वाट निराळी होती. मायकेल फॅरडेनें १८३१ च्या ऑगस्ट महिन्यांत लोखंडाच्या कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळून पाहिलीं. एका वेटोळ्यांत वीज सुरू केली किंवा बंद केली, कीं त्या क्षणापुरती दुसऱ्यांत वीज उमटे. पहिलींतील प्रवाह स्थिर राहिला कीं दुसरींत कांहीं नाहीं. म्हणजे नुसतें चुंबकत्व वीज निर्माण करीत नाहीं; बदलतें चुंबकत्व करतें. मेंदूचें सर्व काम मज्जातंतूंतील सूक्ष्म विद्युत्क्रियेनें चालतें. तेव्हां चुंबकानें मेंदूवर परिणाम घडवावयाचा असेल तर तें चुंबकत्व पुरेसें मोठें हवें आणि अत्यंत वेगानें बदलणारें हवें. शतकांच्या गोंधळांतून सुटण्याची किल्ली या एका नियमांत होती.

मोठें म्हणजे किती? याचें माप घेण्याची एक थोर परंपरा महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईस कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजीं विजेच्या ट्राम येणार असें ठरलें. विजेच्या प्रवाहानें नाजूक उपकरणें बिघडतील हें ओळखून वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस यांनीं अलिबाग येथें १९०४ सालीं नवी वेधशाळा उभी केली. तिच्या इमारतींत लोखंड वापरावयाचें नाहीं असा कटाक्ष होता. कुलाबा आणि अलिबाग येथें कांहीं काळ एकाच वेळीं नोंदी घेऊन दोन्ही ठिकाणचीं मापें जुळवून पाहिलीं, आणि मगच १९०७ मध्यें विजेची ट्राम धांवूं लागली. खरें कारण शोधावयाचें तर खोटीं कारणें आधीं दूर करावीं लागतात, हा बाथच्या डॉक्टरानें शिकविलेला धडा मूस यांनीं दगड-चुन्यांत बांधून ठेवला.

अलिबागच्या मापांवरून कळतें तें असें: आपल्या भागांत पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या थोडें वर आहे, आणि दिवसाभरांत त्यांत होणारा नेहमींचा चढउतार त्याच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. शिरूरचा शेतकरी आणि दौंडचा रेल्वे कामगार जन्मभर या क्षेत्रांत वावरतात. मेंदूला त्याची जाणीव होत नाहीं. यंत्राच्या वेटोळ्याशीं निर्माण होणारें क्षेत्र दीड ते दोन टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या ३५ ते ४५ हजार पट असतें, आणि तें एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी वेळांत उसळून मावळतें.

हें यंत्र एका रात्रींत झालें नाहीं. १८९२ सालीं एडिसनच्या अमेरिकेंतील प्रयोगशाळेंत पीटरसन आणि केनेली यांनीं एका कुत्र्याला व एका मुलाला प्रचंड चुंबकाच्या क्षेत्रांत ठेवून पाहिलें. कांहींहि परिणाम दिसला नाहीं. क्षेत्र स्थिर होतें, हें त्याचें कारण. आज एम. आर. आय. च्या बोगद्यांत रोगी दीड टेस्लाच्या स्थिर क्षेत्रांत अर्धा तास पडून राहतो आणि त्या क्षेत्रानें त्याचें बोट हलत नाहीं, तें याच कारणानें. १८९६ मध्यें पॅरिसच्या दार्सोनव्हाल यानें मोठ्या वेटोळ्यांत डोकें घालून त्यांतून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला. तेव्हां डोळ्यांपुढें प्रकाश चमकूं लागला आणि भोंवळ आली. लंडनच्या सिल्व्हेनस टॉम्प्सन यानें १९१० सालीं हीच गोष्ट पुन्हा अनुभवली. हा प्रकाश मेंदूंतला नसून बहुधा डोळ्याच्या पडद्यांतला होता, हें पुढें कळलें. तरीहि चुंबकानें जिवंत मज्जातंतु चेततो, एवढें आतां संशयातीत झालें.

शेवटची पायरी इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं १९८५ सालीं चढण्यांत आली. अँथनी बार्कर आणि त्याचे सहकारी जालिनूस व फ्रीस्टन यांनीं रॉयल हॅलमशायर इस्पितळांत तयार केलेलें यंत्र तत्त्वतः साधें आहे. कंडेन्सरमध्यें कांहीं हजार व्होल्टचा विद्युत्भार सांठवावयाचा, आणि विजेच्या कळीनें तो एकदम जाड तांब्याच्या वेटोळ्यांत सोडावयाचा. क्षणभर कांहीं हजार अँपिअरचा प्रवाह वाहतो, खटकन् आवाज होतो, आणि वेटोळें डोक्याच्या ज्या भागावर धरलेलें असेल त्याच्या खालीं दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत मेंदूंत वीज उमटते. हाताच्या हालचालीचें केंद्र जेथें आहे तेथें वेटोळें धरलें कीं विरुद्ध बाजूचीं बोटें आपोआप हलतात. येथें रोग्याच्या कल्पनेचें कांहीं चालत नाहीं; ज्याचा विश्वास नाहीं त्याचेंहि बोट हलतें. मेस्मेरला जें दोनशें वर्षांपूर्वीं हवें होतें तें आतां मिळालें होतें. १९८८ मध्यें जपानच्या उएनो यानें इंग्रजी आठाच्या आकाराचें वेटोळें काढलें. त्यामुळें मेंदूचा लहानसा भाग निवडून चेतविणें शक्य झालें.

बोट हलविणें आणि मन उल्हसित करणें यांत मात्र जमीन-अस्मानाचें अंतर आहे. १९९० नंतरच्या दशकांत संशोधकांनीं कपाळाच्या डाव्या बाजूच्या मागील मेंदूवर ठोके देऊन खिन्नतेच्या रोग्यांवर प्रयोग सुरू केले. कांहींना गुण आला. लगेच जुना प्रश्न पुढें आला: गुण कशानें आला? रोगी रोज इस्पितळांत येतो, प्रशस्त खुर्चींत बसतो, नवें यंत्र पाहतो, त्याची कोणीतरी आपुलकीनें विचारपूस करतें, त्याला आशा वाटूं लागते. या सर्वांचाहि गुण येतोच. म्हणून हेगार्थच्या लांकडी कांड्यांप्रमाणें येथें लटकें वेटोळें करणें आलें. पण तें लांकडाइतकें सोपें नव्हतें. खऱ्या यंत्राचा आवाज होतो आणि टाळूवर टिचकी मारल्यासारखें वाटतें. आरंभीं संशोधक खरेंच वेटोळें तिरकें धरीत. पण त्यानें मेंदूवर थोडा परिणाम होईल अशी शंका राही, आणि टाळूला वाटणारी संवेदनाहि बदले. पुढें तसाच आवाज करणारीं आणि विजेच्या बारीक टिचक्यांनीं टाळूला तशीच जाणीव देणारीं, परंतु मेंदूपर्यंत चुंबकत्व पोंचूं न देणारीं लटकीं वेटोळीं तयार झालीं. खरें यंत्र बांधण्याइतकेंच कौशल्य खोटें यंत्र बांधण्यास लागलें.

या कसोटींतून जें निष्पन्न झालें तें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत ३०१ रोगी होते. त्यांत खऱ्या उपचाराचें पारडें जड दिसलें, पण आधीं ठरविलेल्या मुख्य मापावर तें संख्याशास्त्राच्या नेहमींच्या रेषेच्या किंचित अलीकडेच राहिलें. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें २००८ च्या ऑक्टोबरांत यंत्रास परवानगी दिली ती मर्यादित, म्हणजे ज्यांना आधींच्या औषधानें गुण आला नव्हता अशा रोग्यांपुरती. २०१० मध्यें, यंत्राच्या कारखानदारांवर न विसंबतां सरकारी पैशानें केलेल्या १९० रोग्यांच्या प्रयोगांत खऱ्या उपचारानें शेंकडा सुमारें १४ रोगी लक्षणमुक्त झाले, तर लटक्यानें शेंकडा सुमारें ५. हा फरक लहान, पण खरा होता. उलट २०१८ सालीं अमेरिकेंतील १६४ माजी सैनिकांवरील प्रयोगांत खऱ्यानें शेंकडा ४१ आणि लटक्यानें शेंकडा ३७ लक्षणमुक्त झाले. फरक नसल्यांत जमा. त्याच वर्षीं कॅनडांतील ४१४ रोग्यांच्या प्रयोगांत तीन मिनिटांची नवी पद्धत ३७ मिनिटांच्या जुन्या पद्धतीहून कमी ठरली नाहीं. मात्र त्या प्रयोगांत लटक्या उपचाराचा गट नव्हता, हें ध्यानांत ठेवावें लागतें.

सर्व प्रयोग एकत्र करून पाहिले असतां सरासरीनें खरा उपचार लटक्याहून सरस ठरतो. पण तो चमत्कार नव्हे. २०१८ च्या प्रयोगांतील ३७ हा आंकडा विशेष विचार करण्यासारखा आहे. ज्यांच्या मेंदूंत चुंबकत्व शिरलेंच नाहीं असे शंभरांतील ३७ सैनिक बरे झाले. नियमानें येणें, कोणीतरी लक्ष देणें आणि काळ लोटणें यांचें सामर्थ्य त्यांतून दिसतें. शिरूरच्या समाधीपाशीं नवस बोलणाऱ्याला मिळणारा दिलासा आणि या सैनिकांचा आराम यांचें नातें अगदींच दूरचें नसावें. त्याला तुच्छ लेखूं नये. पण त्याचें श्रेय यंत्राच्या खात्यावर जमा करूं नये.

आतां राहिली ती जाहिरातींतील टोपी. क्षीण चुंबकत्वानें मेंदूवर अद्भुत परिणाम होतात, असें म्हणणाऱ्यांत कॅनडांतील सडबरी येथील प्राध्यापक मायकेल पर्सिंजर यांचें नांव विशेष गाजलें. त्यांच्या सहकाऱ्यानें, स्टॅन्ली कोरेन यानें, बनविलेलें शिरस्त्राण घातलें कीं अनेकांना खोलींत कोणीतरी अदृश्य हजर असल्याचा भास होई. वृत्तपत्रांनीं त्याला "ईश्वराचें शिरस्त्राण" असें नांव दिलें. त्यांतील क्षेत्र एका मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे शेफील्डच्या यंत्राच्या दहा लाखाव्या हिश्श्याच्या मानाचें. २००५ सालीं स्वीडनमधील उप्साला येथें ग्रांक्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ८९ विद्यार्थ्यांवर तें तपासलें. क्षेत्र चालू आहे कीं बंद, हें विद्यार्थ्यांनाहि ठाऊक नव्हतें आणि प्रयोग करणारालाहि नव्हतें. चुंबकत्वाचा परिणाम दिसला नाहीं. सूचनेला चटकन वश होणाऱ्यांनाच अधिक अनुभव आले. पर्सिंजर यांनीं स्वीडनमधील मांडणींत दोष काढला. क्षेत्राच्या बळापेक्षां त्याच्या विशिष्ट लहरींना महत्त्व आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. असूंहि शकेल, पण तें सिद्ध करण्याचा भार म्हणणारावर असतो, आणि तो भार अद्याप उचलला गेलेला नाहीं. पासीच्या बागेंतील तो मुलगा २२१ वर्षांनीं उप्सालाच्या प्रयोगशाळेंत पुन्हा भलत्या झाडाखालीं पडला, असेंच म्हणावें लागेल.

ज्या पट्ट्यांत आणि गाद्यांत नुसते स्थिर चुंबक शिवलेले असतात, त्यांचा विचार फॅरडेच्या नियमानेंच आटोपतो. आपल्या देशांत १९५४ च्या औषधें व जादूचे उपाय यांविषयींच्या कायद्यानें मेंदूचे, मज्जातंतूंचे आणि मानसिक रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर निर्बंध घातलेले आहेत. कायदा आहे, तरी जाहिराती येतातच. तेव्हां ग्राहकाची सावधगिरी सुटत नाहीं. याउलट कोणी हौशी कारागीर शेफील्डसारखें खरें बलवान् यंत्र घरीं बांधूं पाहील तर धोका दुसऱ्या टोंकाचा आहे. कंडेन्सरमधील विद्युत्भार यंत्र बंद केल्यावरहि प्राण घेऊं शकतो. शिवाय वेगानें दिलेल्या ठोक्यांनीं क्वचित् झटका येतो. आरंभींच्या प्रयोगांत असे झटके आल्यामुळेंच १९९६ मध्यें तज्ज्ञांनीं एकत्र बसून ठोक्यांच्या मर्यादा ठरविल्या. ज्याला अपस्माराचा इतिहास आहे, ज्याच्या डोक्यांत धातूचा तुकडा किंवा कानांत बसविलेलें विद्युत्यंत्र आहे, त्यानें तज्ज्ञाच्या परवानगीवांचून या वाटेस जाऊं नये.

बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थेंत आणि पुण्यासारख्या शहरांत हा उपचार आज मिळतो, तेव्हां दौंडच्या किंवा शिरूरच्या कुटुंबानें काय करावें? पहिल्या गाडीचें तिकीट काढण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. यंत्राचें क्षेत्र केवढें आणि तें किती वेगानें बदलतें? त्याची तुलना लटक्या यंत्राशीं झाली आहे काय? आणि लटक्यापेक्षां शंभरांत किती रोगी अधिक बरे झाले? टोपी विकणारा पहिल्याच प्रश्नाला अडेल. प्रामाणिक डॉक्टर तिन्हींचीं उत्तरें देईल. तो कदाचित् सांगेल कीं, २०१० च्या प्रयोगाच्या हिशेबानें शंभरांत नऊ अधिक. कदाचित् दुसऱ्या प्रयोगाचा निराळा आंकडाहि दाखवील. औषधांनीं न हटलेल्या रोगांत शंभरांत नऊ ही संख्या क्षुल्लक नाहीं; ज्याच्या घरीं त्या नवांपैकीं एक आहे त्याला तर ती सर्वस्व आहे. परंतु जाण्यायेण्याचे तीस दिवस, बुडालेला रोजगार आणि आशेचा भार ज्यांनीं सोसावयाचा, त्यांना हा आंकडा त्यांच्या भाषेंत, आधीं आणि स्पष्ट सांगितला गेला पाहिजे. एवढा हक्क त्यांचा आहे.